दोराची लांबी ठरवते लय

न्यूयॉर्कमधल्या ८० वूस्टर स्ट्रीट या सात मजली इमारतीच्या गच्चीवरून १९७० साली एक माणूस कमरेला दोर बांधून भिंतीवर काटकोनात उभा राहिला आणि रस्त्यावरून चालावं तसा खालपर्यंत चालत आला. ही नृत्यदिग्दर्शिका ट्रिशा ब्राउन यांची रचना. उडी नाही, गिरकी नाही, नुसतं चालणं. माझ्या मते हवाई नृत्याचा सगळा गाभा त्या चालण्यातच होता. पुढे कॅलिफोर्नियात १९९१ साली सुरू झालेल्या ‘बँडालूप’ या नृत्यसंस्थेने उंच इमारती आणि कडे हीच आपली रंगभूमी केली.

असं नवं नृत्य बसवताना नर्तिकेपुढे येणारी पहिली अडचण भीतीची असेल, असं आपल्याला वाटतं. पण तिच्याइतकीच मोठी अडचण असते लयीची. तालमी बहुतेक वेळा आत, बेताच्या उंचीच्या भिंतीवर होतात. प्रयोग मात्र उंच इमारतीवर. दोराला लटकलेलं शरीर म्हणजे लंबक, आणि लंबकाचा झोका किती वेळाचा हे दोराची लांबी ठरवते. सहा मीटर दोराचा पूर्ण झोका साधारण पाच सेकंदांचा, तर चोवीस मीटर दोराचा दहा सेकंदांचा. लांबी चौपट झाली की वेळ दुप्पट. भिंतीला पायाने रेटा देऊन झेपावायचं आणि परत भिंतीवर टेकायचं, याला या वेळेच्या निम्म्याहून थोडा कमीच वेळ लागतो. म्हणजे तालमीत चार मात्रांत बसणारी झेप इमारतीवर आठ मात्रा खाते. घाई करून ती लवकर संपवता येत नाही. गुरुत्वाकर्षण कुणासाठी ठेका वाढवत नाही. मग संगीत संथ करायचं किंवा हवेतल्या त्या जादा मात्रांसाठी नव्या हालचाली शोधायच्या.

वजनाचा मात्र इथे काही संबंध नाही. सडपातळ नर्तिका आणि तिचा धिप्पाड जोडीदार सारख्या लांबीच्या दोरांवरून एकदम निघाले तर ते एकाच लयीत झुलतात. उलट दोघे एकाच भिंतीवर, पण वेगवेगळ्या उंचीवर असतील तर कितीही सराव केला तरी त्यांचे झोके जुळत नाहीत.

लांब दोरावर तोच रेटा शरीराला भिंतीपासून जवळपास दुप्पट दूर नेतो. तरीही परतताना भिंतीवर आदळण्याचा वेग वाढत नाही, कारण जेवढ्या वेगाने निघालो जवळपास तेवढ्याच वेगाने परत येतो. खरा धोका वेगळाच. निघताना एका पायाचा रेटा किंचित जास्त पडला, तर शरीराला मिळालेली गिरकी हवेत चालूच राहते. छोट्या झेपेत ती जाणवतही नाही, पण दुप्पट वेळात शरीर दुप्पट वळतं आणि पायांऐवजी खांदा भिंतीकडे येतो. हात पसरले तर गिरकी मंदावते, पण थांबत नाही. म्हणून तालमीतला फार मोठा वेळ दोन्ही तळव्यांचा रेटा समान करण्यात जातो. प्रेक्षकांना हे काम दिसतही नाही.

भिंतीवर स्थिर उभं राहणंही सोपं नसतं. भार कमरेच्या पट्ट्यावर असल्याने पाय आणि धड हे तराजूच्या दोन पारड्यांसारखे तोलावे लागतात. जमिनीवर सहज होणारी, हात डोक्यावर नेण्याची क्रिया इथे भार डोक्याकडे सरकवते आणि नर्तिका पुढे झुकते. पोटाचे आणि पाठीचे स्नायू सतत ताणलेले राहतात. डोकं खाली लोंबू नये म्हणून मान अखंड राबते, आणि पहिल्या तालमींत आधी थकते ती बहुधा मानच.

या तोलात कानही गोंधळ घालतो. कानाच्या आतल्या पडद्यांवर चुनखडीचे सूक्ष्म कण असतात. गुरुत्वाकर्षण कुठल्या दिशेला ओढतंय हे मेंदूला त्यांच्यामुळे कळतं. ते सांगतात, ‘तू पालथी आहेस’. डोळे आणि तळवे सांगतात, ‘पायांखाली जमीन आहे’. अनेक तालमींनंतर मेंदूला या विसंवादाची सवय होऊ लागते. मग नर्तिका भिंतीवर हात बेतशीर उचलते, आणि उचलण्याआधीच पोट आवळून तोल धरते.