झरीची तूर, बर्म्याचा भाव

परभणीहून जिंतूरच्या रस्त्याला लागलं की वाटेत झरी येतं. भोवतालची जमीन काळी. खरिपात सोयाबीन आणि कापूस, आणि त्यांच्या तासांमधून तूर. सोयाबीन निघालं की तूर रानात एकटी उरते, दिवाळीच्या आगेमागे पिवळ्या फुलांनी भरते आणि मार्गशीर्ष-पौषात काढणीला येते. या तुरीचा माग मी शेतापासून खरेदीदाराच्या काट्यापर्यंत काढला. एका क्विंटलचा भाव नेमका कसा ठरतो, एवढंच समजून घ्यायचं होतं. त्या वाटेवर म्यानमार भेटला, मोझांबिक भेटला आणि कापसाच्या निमित्तानं अमेरिकाही भेटली. परराष्ट्र धोरण हा दिल्लीचा विषय आहे, असं आपण धरून चालतो. झरीत ते पोत्यागणिक मोजलं जातं, आणि ज्याचं पोतं असतं त्याला त्याची आगाऊ कल्पना कुणी देत नाही.

तूर कापतात ती सकाळी, दव असताना. ऊन चढलं की वाळलेल्या शेंगा तडकतात आणि दाणा मातीत जातो. खोड जाड आणि चिवट असतं. विळा एका फटक्यात चालत नाही, मनगट भरून येतं. कापलेल्या पेंढ्या बांधून उन्हात रचून ठेवतात. पुरत्या वाळल्या की हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, बोलावला जातो. हडंब्याच्या तोंडाशी पेंढ्या लोटणाऱ्या माणसाचं डोकं, नाक, कान उपरण्यानं घट्ट बांधलेलं असतं, कारण तुरीची धूळ अंगाला खाजते आणि घशात उतरते. एका बाजूनं भुसकट उडतं, दुसऱ्या बाजूनं दाणा पडतो. भुसकट गुरांना जातं, तुराट्या कुडाला आणि चुलीला. या पिकातलं वाया असं काहीच जात नाही.

दाणा ताडपत्रीवर पसरला की जात ओळखू येते. तांबडी बीएसएमआर ७३६, तांबडीच बीडीएन ७१६, पांढरी बीडीएन ७११. ‘बीडीएन’ म्हणजे बदनापूर. जालना जिल्ह्यातलं हे संशोधन केंद्र परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं आहे. मर आणि वांझ या दोन रोगांनी मराठवाड्यातली तूर उभीच्या उभी जायची. त्या रोगांपुढे टिकणारी वाणं या विद्यापीठानं दिली, म्हणून इथला कोरडवाहू शेतकरी तुरीवर भरवसा ठेवू शकला. बियाणं इथलं, संशोधन इथलं, माती इथली, घाम इथला. भाव मात्र बाहेरचा.

तो कसा, हे काट्यावर कळतं. खरेदीदार पोत्यात टोकदार नळी खुपसून दाणे काढतो आणि तळहातावर पसरतो. माती-काडी किती, डागी दाणा किती, फुटका किती, हे बोटानं बाजूला सारून बघतो. एक दाणा दाताखाली फोडतो. मग मूठभर दाणे ओलावा मोजण्याच्या यंत्रात जातात. सरकारी खरेदीला ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. व्यापारी त्यावर गेलेला मालही घेतो, पण कडता लावून. इथवर सगळं डोळ्यांसमोर चालतं. शेतकरीही दाणा ओळखतो आणि वाद घालतो. यानंतर खरेदीदार खिशातून फोन काढतो आणि तिथे शेतकऱ्याचा आवाज संपतो.

“बर्मा ढिला हाय, मामा. मुंबईचा भाव तुटलाय.”

“बर्म्याचं अन् आपल्या रानाचं काय घेणं, भाऊ?”

खरेदीदाराकडे उत्तर नव्हतं. त्याला फक्त आकडा माहीत होता. त्या आकड्यामागची नावं डाळीच्या धंद्यातल्या प्रत्येकाला पाठ असतात. ‘लेमन’ म्हणजे म्यानमारची, म्हणजेच बर्म्याची, तूर, ‘गजरी’ मोझांबिकची, ‘अरुषा’ आणि ‘मटवारा’ टांझानियाच्या. मुंबई आणि चेन्नईच्या बंदरांवर यांचे भाव रोज निघतात. लातूर, जालना, अकोल्याचा डाळमिलवाला ते पाहून ठरवतो, गावरान माल किती चढ्या भावानं घ्यायचा. तो भाव आडत्याकडे येतो, आडत्याकडून गावच्या खरेदीदाराकडे. यांगूनमधला सौदा असा झरीच्या काट्यापर्यंत पोचतो.

मामांच्या प्रश्नाचं उत्तर १ फेब्रुवारी २०२१ पासून सुरू होतं. त्या दिवशी म्यानमारच्या लष्करानं निवडून आलेलं सरकार उलथवलं आणि आंग सान सू ची यांना कैद केलं. पाश्चात्त्य देशांनी निर्बंध लादले. भारतानं तसं केलं नाही. उलट त्याच वर्षी जूनमध्ये दोन्ही देशांत समजुतीचा करार झाला: २०२१-२२ पासून २०२५-२६ पर्यंत, पाच वर्षं, दरवर्षी अडीच लाख टन उडीद आणि एक लाख टन तूर म्यानमारहून येऊ द्यायची. जगातल्या सर्वांत मोठ्या लोकशाहीनं लष्करी राजवटीशी केलेला हा व्यवहार. त्याची कारणं नकाशावर दिसतात. दोन्ही देशांची सरहद्द १,६४३ किलोमीटरची. ईशान्य भारतातल्या बंडखोर गटांचे तळ तिच्या पलीकडे. पलीकडून चीनचा वाढता जोर. कोलकात्याहून सित्वे बंदरामार्गे मिझोरामला जोडणारा कलादान प्रकल्प तिथेच. शेजाऱ्याच्या घरात सत्ता कुणाची, हे भारत ठरवू शकत नव्हता. शेजार सोडूनही जाता येत नव्हतं. तुरीची खरेदी हा तो शेजार टिकवण्याचा एक मार्ग होता. म्यानमारमध्ये तूर फारशी खाल्ली जात नाही, ती पिकतेच मुख्यतः भारतासाठी. भारतानं हात आखडला असता तर फटका तिथल्या शेतकऱ्याला बसला असता, सेनापतींना नव्हे. डॉलर मिळणं अवघड झालं तेव्हा २०२४ मध्ये रुपया आणि चॅट या दोन चलनांत थेट देवघेवीची सोयही झाली. हे सगळं समजण्यासारखं आहे. पण म्यानमारची नवी तूर जानेवारी ते मार्चच्या सुमारास निघते, म्हणजे झरीची तूर काट्यावर असते त्याच हंगामात.

दुसरा करार मोझांबिकचा. ७ जुलै २०१६ रोजी पंतप्रधान मोदी मापुतोत असताना तो झाला. एक लाख टनांपासून सुरुवात करून पाच वर्षांत दोन लाख टनांपर्यंत तूर घ्यायची, असं ठरलं. पुढे दोन लाख टनांचा हा करार २०२५-२६ पर्यंत वाढवला गेला. १९७५ मध्ये पोर्तुगीजांच्या हातून सुटलेला हा देश तेव्हापासून एकाच पक्षाच्या, फ्रेलिमोच्या, सत्तेखाली आहे. त्याच्या उत्तरेला समुद्राखाली नैसर्गिक वायूचे प्रचंड साठे आहेत आणि त्या प्रकल्पात भारतीय सरकारी तेल कंपन्यांचा ३० टक्के वाटा आहे. तूर, वायू आणि हिंदी महासागरातली मैत्री ही एकाच चर्चेत बसणारी प्रकरणं आहेत. तरी करार झाला म्हणून माल येतोच असं नाही. २०२३ च्या अखेरीस तिथल्या निर्यातदारांच्या कोर्टकज्ज्यात नाकाला बंदरावर भारताची तूर अडकून पडली आणि ती सोडवायला भारताला राजनैतिक पातळीवर हालचाल करावी लागली. त्या वेळी इकडे डाळ महागली होती. शहरं त्या जहाजांकडे डोळे लावून बसली होती.

मोझांबिकचा करार कशातून जन्मला, ते विसरून चालणार नाही. २०१५ मध्ये तूरडाळ किलोला दोनशे रुपयांवर गेली होती. रोजंदारीवर जगणाऱ्या घरातून वरण नाहीसं झालं, तर सरकारला स्वस्थ बसता येत नाही आणि बसूही नये. पण पुढे घडलं ते असं. तो करार होत होता तेव्हाच, भाव पाहून आणि सरकारचं आवाहन ऐकून, मराठवाड्यानं तूर मोठ्या प्रमाणावर पेरली. पाऊस चांगला झाला. २०१७ च्या सुरुवातीला तूर घराघरांत मावेना. हमीभाव होता ५,०५० रुपये, बाजार त्याच्या बराच खाली. खरेदी केंद्रांबाहेर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला, माणसं पोत्यांवर रात्री काढू लागली. मग ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारनं तुरीची आयात वर्षाला दोन लाख टनांवर बांधली. झरीचा माल तोवर पडत्या भावात निघून गेला होता. आणि भारतासाठी म्हणून पेरा वाढवलेल्या मोझांबिकच्या शेतकऱ्याचाही भाव कोसळला. ज्या निर्णयानं झरीचा शेतकरी वाचायला हवा होता तो त्याला उपयोगी पडला नाही, आणि दूरचा शेतकरी मात्र त्याच निर्णयाखाली सापडला. दोन्ही टोकांना पाचदहा एकरांची किंवा त्याहून लहान शेतं होती.

चाक पुन्हा फिरलं. १५ मे २०२१ ला आयात खुली झाली आणि तिची मुदत तुकड्या-तुकड्यांनी वाढत ३१ मार्च २०२६ पर्यंत गेली. २०२४ च्या उन्हाळ्यात तूर क्विंटलला दहा हजारांवर होती. २०२४-२५ मध्ये सुमारे १२ लाख टन तूर बाहेरून आली. देशातलं पीक होतं सुमारे ३५ लाख टन. २०२५ मध्ये अनेक बाजारांत भाव हमीभावाच्या खाली उतरले, ७,५५० रुपयांचा हमीभाव जाहीर असताना.

लष्करी राजवटीशी करार होतो, मग लोकशाही देशाशी तरी भांडण होऊ नये, असं वाटेल. २०२५ चा ऑगस्ट याचं उत्तर देतो. रशियाकडून तेल घेतल्याचं कारण देत अमेरिकेनं भारतीय मालावरचा कर २७ ऑगस्टपासून ५० टक्क्यांवर नेला. तिरुप्पूरपासून सुरतेपर्यंत कापडाचे कारखाने अडचणीत आले. त्यांना स्वस्त कापूस मिळावा म्हणून केंद्रानं १९ ऑगस्टपासूनच कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं होतं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. झरीच्या शिवारात कापसाची वेचणी दसऱ्याच्या सुमारास सुरू होते. म्हणजे वेचणीचा ऐन हंगाम शुल्कमाफीत गेला. वॉशिंग्टन आणि दिल्ली यांच्यातल्या वादात कामगार वाचवणं गरजेचं होतं. त्याची किंमत ज्यानं मोजली त्याला चर्चेला कुणी बोलावलं नव्हतं.

राजवटीचा रंग पाहून देश मित्र किंवा शत्रू होत नाहीत. गरज पाहून होतात. आणि बिनसलं की काय होतं, हे परभणी जिल्ह्यानं स्वतःच्या अंगावर अनुभवलंय. १९४८ पर्यंत झरी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथलं नाणं वेगळं, हाली सिक्का. जकात वेगळी, करोडगिरी. २९ नोव्हेंबर १९४७ ला भारत सरकार आणि निजाम यांच्यात वर्षभराचा ‘जैसे थे’ करार झाला. तो मोडत गेला त्याची पहिली भांडणं पैशाचीच होती: संस्थानानं मौल्यवान धातू भारतात नेण्यावर बंदी घातली, भारतीय चलन व्यवहारातून काढलं, पाकिस्तानला २० कोटींचं कर्ज देऊ केलं. सीमेवर मालाची अडवणूक सुरू झाली, तिला हैदराबादनं आर्थिक नाकेबंदी म्हटलं. ऑगस्ट १९४८ मध्ये निजाम संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे गेला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. दोन सरकारांचं बिनसलं की आधी बाजार बंद पडतो आणि मग बंदुका बोलतात, हा धडा मराठवाड्याला पुस्तकातून शिकावा लागला नाही. म्हणूनच दोन देशांमध्ये माल चालू राहणं मी चांगलं समजतो. तुरीचं जहाज येत असेल, तर बोलणंही चालू असतं.

प्रश्न आयात करावी का, हा नाही. देशाला डाळ लागते, शेजारी लागतात, मित्र लागतात. प्रश्न भरवशाचा आहे. म्यानमार आणि मोझांबिकच्या शेतकऱ्याला भारतानं पाच-पाच वर्षांचा लेखी शब्द दिला. झरीच्या शेतकऱ्याला आयातीचं धोरण कळत होतं ते कधी पेरणी झाल्यावर, कधी मळणी झाल्यावर. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रानं कडधान्य आत्मनिर्भरता अभियान सुरू केलं. नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांची तूर, उडीद, मसूर चार वर्षं पूर्णपणे हमीभावानं घेण्याचं वचन त्यात आहे. २०२५-२६ चा तुरीचा हमीभाव ८,००० रुपये होता. हे पाऊल योग्य आहे, आणि ते काट्यापर्यंत उतरायला हवं. काढणी सुरू होण्याआधी केंद्र उघडलं पाहिजे, बारदाना आधी आला पाहिजे, पैसे आठवड्यात खात्यावर पडले पाहिजेत. नाहीतर उसनवारी फेडायची घाई असलेला माणूस पुन्हा खाजगी काट्यावरच जाणार.

त्याच्या जोडीला आणखी दोन गोष्टी हव्यात. तूर, कापूस, सोयाबीन, हरभरा यांच्या आयातीचे आणि शुल्काचे निर्णय मे महिन्याअखेर, पेरणीच्या आधी, जाहीर व्हावेत आणि पुढच्या मार्चपर्यंत अपवादात्मक टंचाईखेरीज बदलू नयेत. आणि परदेशाशी करार करताना माल कोणत्या महिन्यांत उतरणार, हेही त्यातच लिहिलं जावं. आपली तूर बाजारात असते ते डिसेंबर ते मार्चचे महिने शक्य तितके मोकळे ठेवावेत. यानं कुठलाही मित्र देश दुरावणार नाही, उलट तिथल्या शेतकऱ्यालाही २०१७ सारखा धक्का बसणार नाही.

परभणीच्या खासदारांना लोकसभेत हे विचारता येतं. त्यांना ते विचारायला लावणं मतदारांच्या हातात आहे. या मे महिन्यात तुमच्या गावच्या सभेत खत आणि बियाण्यांबरोबर हाही विषय घ्या: यंदा बाहेरून किती तूर येणार, कधी येणार, आणि कुणाशी काय ठरलंय. पेरणाऱ्याला हे पेरणीआधी कळायलाच हवं.