मेल येतात, पण जात नाहीत

लँडलाइनबरोबर मिळालेला ईमेल पत्ता अजून जपणारी बरीच माणसं माझ्या ओळखीत आहेत. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. पुढे कित्येकांना आयुष्यातला पहिला ईमेल पत्ता फोन कंपनीकडूनच मिळाला. बँकेत, विम्याच्या कागदांवर, पेन्शनच्या अर्जावर तोच दिलेला असतो. नवा लॅपटॉप आला की त्यात हे खातं बसवून द्यायला मला बोलावतात, आणि तक्रार बहुतेक एकच: मेल येतात, पण जात नाहीत.

मी आधी ब्राउझर उघडून कंपनीच्या वेबमेलवर लॉगिन करून बघतो. तिथे पासवर्ड चालला, तर खातं ठीक आहे आणि दोष सेटिंगमध्ये आहे. मग यूजरनेम. काही कंपन्यांना पूर्ण पत्ता लागतो, काहींना फक्त ॲटच्या आधीचा भाग.

खरी मेख आउटगोइंग सर्व्हरमध्ये असते. मेल आणणारा आणि मेल पाठवणारा, हे दोन वेगळे सर्व्हर. पूर्वी फोन कंपनीचा पाठवणारा सर्व्हर पासवर्ड विचारतच नसे. तुम्ही त्यांच्याच लाइनवरून आलात, एवढी ओळख त्याला पुरे असायची, आणि सगळं २५ नंबरच्या पोर्टवरून चालायचं. तोच लॅपटॉप मुलाच्या घरी दुसऱ्या कंपनीच्या ब्रॉडबँडवर जोडला की सर्व्हर मेल घ्यायला नकार देई. पुढे स्पॅमच्या उपद्रवामुळे अनेक कंपन्यांनी ग्राहकांसाठी पोर्ट २५ बंदच केलं. तरीही घरोघरी वहीत लिहून ठेवलेली सेटिंग त्याच काळातली असते.

आता पाठवण्यासाठी पोर्ट ५८७ किंवा ४६५ वापरायचं आणि मेल प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये ‘आउटगोइंग सर्व्हरला ऑथेंटिकेशन लागतं’ या चौकटीत खूण करायची. ही एक खूण राहिली म्हणून लोक दिवसचे दिवस अडलेले मी पाहिले आहेत. सुरक्षिततेच्या रकान्यात ४६५ सोबत एसएसएल/टीएलएस निवडायचं, ५८७ सोबत स्टार्टटीएलएस. जोडी उलटी पडली तर प्रोग्राम अनेकदा नुसता फिरत राहतो आणि शेवटी टाइमआउट दाखवतो. पासवर्ड चुकल्याचं तो म्हणत नाही, तरी माणसं पासवर्डच बदलत बसतात. सर्टिफिकेटचा इशारा आला, तर डोळे झाकून ‘ॲक्सेप्ट’ करू नये. सर्व्हरचं नाव नीट तपासावं, आणि जुन्या कॉम्प्युटरवर आधी तारीख बघावी. तारीख मागे पडली असली तरी हाच इशारा येतो.

मेल आणण्याच्या दोन पद्धती सेटिंगमध्ये दिसतात, आयमॅप आणि पॉप. मी आयमॅपच घेतो, पोर्ट ९९३. पॉपमध्ये ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ ही खूण नसली, तर मेल कॉम्प्युटरवर उतरतात आणि सर्व्हरवरून पुसले जातात. मग हार्डडिस्क गेली की वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहारही गेला. सर्व्हरवर जागा फारच थोडी असेल तरच पॉप घ्यावा, आणि मग बॅकअप ठेवलाच पाहिजे.

आणखी एक कळकळीची विनंती. लँडलाइन बंद करण्याचा अर्ज देण्याआधी ईमेल पत्ता चालू राहणार का, हे कंपनीकडून लेखी घ्या, आणि तो बंद होणार असेल तर आधी बँकेतला पत्ता बदलून घ्या.