परवाना नावाला मिळतो, म्हणून नाव आधी नीट करा

आम्ही बोनकोड्याहून बोलतोय. नवी मुंबईत कोपरखैरण्याच्या इमारतींच्या मधोमध आमचं जुनं गावठाण आहे. तिथल्या बचत गटाच्या आम्ही बायका. आज आम्ही सहलीविषयी बोलणार आहोत, पण त्याहून जास्त बोलणार आहोत तुमच्या पिशवीतल्या ओळखपत्राविषयी.

आमच्या गटातल्या तेरा जणींनी सिक्कीमला जायचं ठरवलं. गटाच्या बचतीला हात लावायचा नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. सहलीची वर्गणी वेगळी, तिची वही वेगळी. दीड वर्ष पैसे साठवले आणि निघालो. न्यू जलपायगुडीपर्यंत रेल्वे, तिथून तीस्ता नदीच्या काठाने गाडीने गंगटोक.

दुसऱ्या दिवशी नथुला बघायचं होतं. नथुला म्हणजे चीनच्या हद्दीवरची खिंड, उंची चौदा हजार फुटांहून जास्त. आदल्या दिवशी परवान्यासाठी सगळ्यांची ओळखपत्रं आणि फोटो गोळा केले. संध्याकाळी बारा जणींचे परवाने आले, एका काकींचं कार्ड तसंच परत आलं. काकींच्या मतदार कार्डावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. कार्डावरचा फोटोही पंचवीस वर्षांपूर्वीचा. कागदावर त्या दोन वेगळ्या बायका झाल्या होत्या.

काकी म्हणाल्या, "तुम्ही जा गो, मी इथे बसते." त्यांना एकटं कसं सोडणार? आमच्यातली एक जण मागे राहिली, अकरा जणी वर गेल्या. संध्याकाळी परतल्यावर छांगू तलावाचे फोटो काकींना दाखवताना कुणालाच धड बोलता येईना. दीड वर्ष त्यांनीही तेवढेच पैसे भरले होते. यात दोष दुसऱ्या कुणाचा नव्हता. निघण्याआधी आम्ही पिशव्या तपासल्या, स्वेटर मोजले, कार्डं मात्र शेजारी शेजारी ठेवून वाचली नाहीत.

आता हा परवाना म्हणजे काय ते समजून घेऊ. आपल्याच देशात फिरायला परवाना कशाला, असं आम्हालाही वाटलं होतं. त्याची दोन कारणं आहेत. एक म्हणजे सीमा. पुढे दुसरा देश, मध्ये लष्कराचे तळ. कोण वर गेलं आणि कोण परत आलं, याची नोंद लागते. दुसरं कारण म्हणजे तिथली माणसं. इंग्रजांनी १८७३ साली ईशान्येकडे एक रेषा ठरवली आणि तिच्या पलीकडे परवान्याशिवाय जायला बंदी घातली. त्यांना आपला चहाचा आणि जंगलमालाचा व्यापार सांभाळायचा होता. देश स्वतंत्र झाला तरी ती रेषा राहिली. आज तिथल्या आदिवासी समाजांना ती आपल्या जमिनीची आणि चालीरीतींची राखण वाटते. तिला इनर लाइन म्हणतात आणि तिच्या परवान्याला इनर लाइन परमिट.

बोनकोड्याच्या बायकांना हे पटकन समजलं. १९७० साली सिडको आली आणि आमच्या भागातली भातशेती शहरासाठी गेली. बाहेरचं जग एकदम दारात आलं की गावाचं काय होतं, ते आमच्या सासवांनी पाहिलंय. म्हणून कुणी आपल्या दारात उभं राहून "तुम्ही कोण?" असं विचारलं, तर त्याचा राग येऊ नये.

नियम सगळीकडे सारखे नाहीत, हे लक्षात ठेवा.

सिक्कीममध्ये गंगटोकला जायला आपल्याला परवाना लागत नाही. छांगू तलाव, नथुला आणि उत्तरेकडचं लाचेन, लाचुंग, गुरुडोंगमार इथे लागतो. तो गंगटोकमधल्या नोंदणीकृत प्रवासी एजंटामार्फत काढतात. वर स्थानिक गाडीनेच जावं लागतं. नथुला सोमवारी आणि मंगळवारी पर्यटकांसाठी बंद असतो, म्हणून वार बघून तिकिटं काढा. सीमेवर फोटो काढायला मनाई आहे. परवाना हातात असला तरी बर्फ पडला किंवा दरड कोसळली तर रस्ता बंद होतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये डोंगरातला हिमतलाव फुटून तीस्तेला पूर आला, तेव्हा उत्तर सिक्कीमचे रस्ते आणि पूल वाहून गेले होते. म्हणून एक दिवस जास्तीचा ठेवा.

अरुणाचल प्रदेशात मात्र राज्यात पाऊल ठेवायलाच इनर लाइन परमिट लागतं. ते ऑनलाइन काढता येतं. तवांगच्या पुढे बुमला खिंडीत जायचं तर आणखी वेगळी परवानगी तवांगला घ्यावी लागते.

लडाखमध्ये नुब्रा आणि पँगाँगसाठी पूर्वी आपल्यालाही परवाना लागायचा. ऑगस्ट २०२१ मध्ये भारतीयांसाठी ती अट काढली. पर्यावरण शुल्क मात्र भरावं लागतं, त्याची पावती जवळ ठेवावी.

आपल्याकडून हल्ली पुष्कळ जण आदि कैलास आणि ओम पर्वताला जातात. ते उत्तराखंडात पिथौरागड जिल्ह्यात आहेत. तिथला परवाना धारचुलाच्या प्रशासनाकडून मिळतो आणि त्यासाठी डॉक्टरांचं प्रमाणपत्रही लागतं. कैलास-मानसरोवर वेगळं. ते चीनच्या ताब्यातल्या तिबेटात आहे, म्हणून पासपोर्ट हवाच. २०२० पासून थांबलेली ती यात्रा २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली.

हे नियम बदलत असतात. म्हणून पैसे भरण्याआधी त्या वर्षीचा नियम विचारा. कुठलं ओळखपत्र चालेल हे तर नक्कीच विचारा. मतदार ओळखपत्र सगळ्यांत भरवशाचं. काही ठिकाणी आधार घेतात, काही ठिकाणी अडवतात. पॅन कार्डावर पत्ता नसतो, त्याच्या भरवशावर जाऊ नका. लहान मुलं बरोबर असतील तर त्यांचा जन्मदाखला घ्या. मूळ कार्ड, चार-पाच झेरॉक्स आणि तेवढेच पासपोर्ट आकाराचे फोटो प्रत्येकीच्या स्वतःच्या पिशवीत हवेत. सगळ्यांची कार्डं एकीच्याच पर्समध्ये ठेवू नका.

आता नावाचं बघू. लग्नानंतर आपलं नाव बदलतं, पण सगळ्या कागदांवर एकाच वेळी बदलत नाही. रेशन कार्डावर एक, पासबुकावर दुसरं, आधारवर तिसरं. मतदार कार्डावरचं नाव, पत्ता किंवा फोटो दुरुस्त करायला नमुना ८ भरतात. तो ऑनलाइन भरता येतो किंवा आपल्या भागातल्या बीएलओकडे देता येतो. चौकशीसाठी १९५० हा क्रमांक आहे. आधारवरचं नाव बदलायला विवाह नोंदणीचा दाखला उपयोगी पडतो. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून स्पेलिंग आधी नीट ठरवा, मग अर्ज करा. कुठलं नाव ठेवायचं, माहेरचं की सासरचं, हे जिचं तिने ठरवावं. ठरलं की सगळीकडे तेच हवं. या कामाला महिने लागू शकतात, म्हणून सहलीची पहिली वर्गणी घ्याल त्याच दिवशी कार्डं तपासा.

आम्ही परत आल्यावर सगळ्यांत आधी काकींचा नमुना ८ भरला. नवं कार्ड पोस्टाने आलं. मग काकींनी ट्रंकेतून एक जुनं पासबुक काढलं. माहेरच्या नावाचं ते खातं बरीच वर्षं तसंच पडून होतं, नाव जुळत नाही म्हणून पैसे काढता येत नव्हते. नवं कार्ड आणि लग्नाचा दाखला घेऊन आम्ही बँकेत गेलो. दोन फेऱ्या झाल्या, पण काम झालं. रक्कम फार मोठी नव्हती. काकी एवढंच म्हणाल्या, "माझ्या बापाने ठेवलेले पैसे होते."

नथुला काकींचा अजून राहिलाय. पुढच्या वर्गणीत त्यांचं नाव पहिलं आहे.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटाची सहल ठरलेली असो वा नसो, पुढच्या बैठकीत एक काम करा. मध्ये चादर अंथरा. प्रत्येकीने आपलं आधार, मतदार कार्ड, पासबुक आणि रेशन कार्ड तिच्यावर मांडावं. शेजारणीने शेजारणीचं नाव मोठ्याने वाचावं, अक्षर न् अक्षर. जिथे जुळणार नाही तिथे वहीत खूण करा, आणि कोणाचं काम कोण बघणार ते त्याच बैठकीत ठरवा. सिक्कीम लांब आहे, पण बँक, रुग्णालय आणि तहसील कचेरी रोजचीच आहे. तिथेही आधी नावच विचारतात.