किलोमीटरमागे किती?

पेट्रोलचे दर जून 2010मध्ये, डिझेलचे ऑक्टोबर 2014मध्ये नियंत्रणमुक्त झाले. 16 जून 2017पासून ते देशभर रोज ठरतात. ई-वाहनांवर 2019पासून जीएसटी 5 टक्के. पण खरा हिशेब चालवण्याचा. लिटरला 15 किलोमीटर धावणारी मोटार आणि 104 रुपयांचे पेट्रोल धरले, तर किलोमीटरला सुमारे 7 रुपये पडतात. युनिटला 6 किलोमीटर जाणाऱ्या विजेच्या मोटारीला, घरची वीज 10 रुपयांची असली, तर पावणेदोनही नाहीत. सोसायटीत चार्जिंगची सोय नसेल तर? सार्वजनिक चार्जरवर युनिटला 20 रुपये मोजले, तरी खर्च निम्म्याच्या आतच. मात्र गाडी दोन लाखांनी महाग असेल, तर घरच्या विजेवरही तो फरक भरून निघायला 38 हजार किलोमीटर लागतात. महिन्याला जेमतेम 300 किलोमीटर फिरणाऱ्याला, म्हणजे, साडेदहा वर्षे.