ओढ्यापलीकडचा रंग

‘लोकसहभाग’ हा शब्द सरकारी कागदांत इतक्यांदा वाचला आहे, की तो दिसताच मनात येते : सहभाग नेमका कशात? शिबिराला गर्दी करण्यात, की जाब विचारण्यात?

२००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात सरकारी सेवेवर लोकांनीच देखरेख ठेवावी, अशी तरतूद होती. २००७ मध्ये नऊ राज्यांत तिचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात त्यासाठी पुणे, ठाणे, अमरावती, नंदुरबार आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे निवडले गेले. समन्वयाचे काम पुण्याच्या ‘साथी’ संस्थेकडे होते. पद्धत साधी. लसीकरण, औषधे, परिचारिकेच्या भेटी अशा एकेका सेवेला गावाने बसून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग द्यायचा. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही हा तक्ता वाचता येतो. पुढे जनसुनावणीत तो अधिकाऱ्यांसमोर मांडायचा आणि त्यांनी तिथेच, सर्वांदेखत उत्तर द्यायचे.

सातपुड्यातल्या अशा एका बैठकीला मी बसलो होतो. ‘सिस्टर येते का?’ या प्रश्नावर पुढच्या रांगेतले पुरुष ‘येते’ म्हणाले. हिरवा खडू उचलला गेला. तेवढ्यात मागून एक बाई पावरीत काहीतरी बोलली. शेजारच्या मुलाने मराठीत सांगितले, ‘‘येते, पण ओढ्यापर्यंत. आमचा पाडा पलीकडे आहे.’’

त्या दिवशी दोन तक्ते झाले. गावाचा हिरवा, पाड्याचा लाल. एकच तक्ता झाला असता तर तो खोटा ठरला नसता, आणि पाडा मात्र त्यात दिसला नसता. तेव्हापासून कुठल्याही अहवालातली सरासरी वाचताना मला तो ओढा आठवतो.

सुनावणीत अधिकाऱ्यांनी नोंदवही उघडली. भेटींच्या नोंदी चोख होत्या. बाईने फक्त विचारले, ‘‘पावसाळ्यात कोणत्या वाटेने आल्या?’’ सभा हसली, अधिकारी हसले नाहीत. पाड्यासाठी महिन्याचा एक दिवस ठरला. त्यासाठी बाईची दिवसाची मजुरी बुडाली होती. तिची भरपाई मात्र कोणत्याच रकान्यात नव्हती.

या पद्धतीचे दुखणे मला आणखी एका ठिकाणी दिसते. ज्या यंत्रणेवर देखरेख ठेवायची, तिच्याच अभियानातून देखरेखीचा पैसा येतो. पुढे कार्यक्रमाच्या नावात ‘नियोजन’ हा शब्दही आला. पण चुकलेले दाखवणे आणि आधीच ठरवणे यांत फरक आहे. त्या गावाचे उपकेंद्र डांबरी रस्त्याला लागून आहे. ते कुठे बांधायचे, हे पाड्यावर कुणी विचारले नव्हते.