वालाची उसनवारी

कडव्या वालाचा एक दाणा तळहातावर घ्या. एका कडेला पांढरी शुभ्र रेघ दिसतेय ना? ती त्याची बेंबी. शेंगेत असताना दाणा इथेच चिकटलेला होता आणि इथूनच त्याला अन्न मिळत होतं. आता तो रात्रभर पाण्यात भिजत टाका. सकाळी फुगलेला दाणा कोरडा पुसून चिमटीत हलकेच दाबा. त्या रेघेच्या टोकाशी पाण्याचा इवलासा थेंब डोकावेल. तिथे जेमतेम दिसेल एवढं एक भोक असतं, त्याला म्हणतात बीजरंध्र.

खेळून झालं की असे चार-पाच दाणे परड्यात लावून टाका. कारण या दाण्यातून जी वेल येते ना, तिच्याइतकी उसनवारी करणारी वेल शोधून सापडायची नाही. शेजारी वाटीभर साखर मागायला येतात, तशी ही पाणी मागते, उंची मागते, खतसुद्धा मागते!

आधी पाणी. दसरा-दिवाळीच्या सुमारास भातकापणी उरकली की कोकणात रिकाम्या मळ्यांत वाल, कुळीथ, चवळी पेरतात. पाऊस तर निघून गेलेला असतो. मग पाणी कुठून मिळतं? पावसाने जाताना जमिनीत ठेवलेली ओल असते, तिच्यावरच ही पिकं भागवतात. तुमच्या आळ्याला मात्र थोडी मदत लागेल. तारकर्ली-देवबागसारख्या पुळणीच्या जमिनीत पाणी झरझर खाली उतरतं, म्हणून तिथे कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा मिसळा. कातळावर घर असेल तर माती आणून जाडसर वाफा करा. दाणा बोटाच्या एका पेराएवढा खोल पेरा आणि माती ओलसर ठेवा. चिखल नको, दाणा कुजेल.

आठवडाभरात माती उचलत एक वाकडी मान वर येईल. दाण्याची दोन्ही दलं तिच्याबरोबर उजेडात येतात. उत्तरेकडे थंडीत बाकला नावाचा वालाचा लांबचा भाऊबंद लावतात, त्याची दलं मात्र मातीतच बसून राहतात. बाकल्याला गारवा लागतो, आपल्या किनाऱ्यावरचा दमट उकाडा त्याला सोसत नाही. म्हणून आपल्याकडे वालच बरा.

आता दुसरी उधारी, उंचीची. वालाचं खोड एवढं लेचंपेचं की स्वतःच्या पायावर उभं राहील तर शपथ! पण दुसऱ्याच्या खांद्यावर चढायला ते तयार. शेजारी बांबूची काठी रोवा. वेलीला डोळे नाहीत, मग काठी सापडते कशी? शेंडा हवेत गोल गोल फिरत राहतो. खोडाची एक बाजू जरा जास्त वाढते, मग तिच्या शेजारची, मग त्याच्याही शेजारची. त्यामुळे शेंडा वळत जातो आणि फिरता फिरता काठीला अडकला की तिला वेटोळे घालतो. चार्ल्स डार्विन आजारपणात खोलीत अडकला होता, तेव्हा त्याने हॉप नावाच्या वेलीची कुंडी जवळ ठेवून तिच्या फेऱ्या मोजल्या. उकाड्याच्या दिवसांत एका फेरीला सरासरी २ तास ८ मिनिटं लागली. वेलींवरचा त्याचा मोठा निबंध १८६५ साली छापून आला. तुम्हीही सुट्टीच्या दिवशी शेंड्याच्या रोखाने एक काडी खोचा आणि तासाभराने बघा. शेंडा कुठे गेला?

तिसरी उधारी सगळ्यात भारी. आपल्या भोवतालच्या हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे आणि झाडांना तो हवाच असतो, पण हवेतला नायट्रोजन त्यांना थेट घेता येत नाही. वालाच्या मुळांवर बारीक गाठी येतात. त्यांत राहणारे जीवाणू हवेतला नायट्रोजन पकडून वेलीला वापरता येईल असा करून देतात, आणि वेल त्यांना साखर पुरवते. जास्तीचं एखादं रोप हळूच उपटा, मुळं धुवा आणि एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली तर कारखाना चालू आहे. तो गुलाबी रंग देणारं द्रव्य आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच घराण्यातलं आहे!

म्हणून तर मालवणातली एखादी आजी ओरडते, ‘जास्त खत घालू नको रे, वाल माजतलो, शेंगो धरूचो नाय!’ आजीचं शंभर टक्के खरं. आयता नायट्रोजन मिळाला की वेल गाठी करायचा कंटाळा करते आणि नुसती पानं वाढवत सुटते.

घड्याळ तेवढं वेलीचं स्वतःचं. मालवणात जूनमध्ये मोठ्यात मोठा दिवस सुमारे १३ तासांचा असतो, डिसेंबरमध्ये लहानात लहान सुमारे ११ तासांचा. जुन्या जातींची वेल लांबत जाणारी रात्र ओळखते आणि मगच फुलते. भर पावसात लावलीत तरी महिनोन् महिने नुसती पसरेल. कुंडीतच लावायचा असेल तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण भूषण’ ही बुटकी जात मिळते का बघा, तिला मांडव लागत नाही.

मागणारी वेल असली तरी तिच्याकडून नेणारेही आहेतच. कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसतो आणि न विचारता रस पितो. त्याच्या अंगातून गोड थेंब गळतात, ते चाटायला मुंग्यांची रांग लागते. ठिपकेवाले ढालकिडे दिसले तर त्यांना हाकलू नका, ते मावा फस्त करतात. सकाळी दव असताना चुलीची चाळलेली राख भुरभुरवली तरी मावा आटोक्यात राहतो.

शेंगा आल्या की हिरव्या असतानाच भाजीला काढा. दोन-चार वेलीवरच वाळू द्या, ते पुढचं बियाणं. वाळलेला दाणा कच्चा मात्र कधीच खायचा नाही. कडवट चव म्हणजे प्राण्यांना लांब ठेवायची वालाची युक्ती, आणि त्यात अपायकारक द्रव्यंही असतात. म्हणून घरी वाल भिजवतात, ते पाणी फेकतात, मोड आणून सोलतात आणि चांगले शिजवतात.

आणि सगळ्यात शेवटी परतफेड. वेल सुकली की ती उपटू नका, जमिनीलगत कापा. मुळं आणि गाठी मातीत कुजतील. जमवलेला बराचसा नायट्रोजन शेंगांबरोबर तुमच्या पोटात गेलेला असतो, पण उरलेला मातीला मिळेल. त्याच आळ्यात मिरचीचं रोप लावा. वाल नव्हता अशा शेजारच्या आळ्यातही तसंच एक लावा, दोघांना पाणी सारखंच घाला आणि पानं किती हिरवी होतात ते वहीत टिपून ठेवा. दुसरं आळं विसरू नका हं, नाहीतर वालाने उधारी फेडली की बुडवली, हे ठरवणार कसं?