हलकी गोळी, भारी रायफल: रानडुकरांसाठी घरी काडतूस भरता येतं का?

मक्याला कणसं लागली, भुईमूग पोसायला लागला की जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमध्ये रात्रीची जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत शेत उकरून टाकतो. रोही, म्हणजे नीलगायी, उभं पीक तुडवतात. अशा वेळी मोबाईलवर परदेशी शिकाऱ्यांचे व्हिडिओ दिसतात. हरणाची रायफल, त्यात घरीच भरलेली हलक्या गोळीची काडतुसं आणि अचूक नेम. हा उपाय आपल्याकडे चालेल का? आधी हे तंत्र काय आहे ते समजून घेऊ.

घरी काडतूस भरणं म्हणजे काय?

काडतुसाचे चार भाग असतात: पितळी कोष, बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, दारू आणि पुढची गोळी. गोळी झाडल्यावर कोष उरतो. अमेरिकेत अनेक शिकारी त्यात नवी टोपी, मोजून दारू आणि हवी ती गोळी बसवून तो पुन्हा वापरतात. यात पैसे वाचतात आणि गोळी आपल्या मर्जीची निवडता येते.

.३०-०६ ही तिकडची हरणाच्या शिकारीची लोकप्रिय रायफल. तिच्यात हरणासाठी साधारण १५० ते १८० ग्रेन वजनाची गोळी घालतात. १५ ग्रेन म्हणजे जवळपास १ ग्रॅम, म्हणजे ही गोळी १० ते १२ ग्रॅमची झाली. शेतात बिळं करणाऱ्या छोट्या प्राण्यांसाठी मात्र त्याच रायफलमधून ११० ग्रेनची, सुमारे ७ ग्रॅमची गोळी वापरतात.

हलक्या गोळीने काय साधतं?

वेग वाढतो. १८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे ८२० मीटर वेगाने निघते, तर ११० ग्रेनची जवळपास १,००० मीटर वेगाने. त्यामुळे मध्यम अंतरापर्यंत ती कमी खाली येते आणि नेम धरणं सोपं जातं. खांद्याला धक्काही कमी बसतो. पातळ कवचाची गोळी आदळताच फुटते, त्यामुळे ती उसळून भलतीकडे जाण्याचा धोका कमी होतो.

तोटेही आहेत. हलकी गोळी हवेत लवकर वेग गमावते. शिवाय हे गणित दोन-चार किलोच्या प्राण्यासाठी मांडलेलं आहे. पूर्ण वाढलेलं रानडुक्कर माणसापेक्षा जड असू शकतं आणि त्याच्या खांद्यावरची कातडी जाड असते. लगेच फुटणारी गोळी तिथे वरवरची जखम करते. जखमी डुक्कर ज्वारीत किंवा केळीच्या बागेत शिरलं, तर सकाळी कामावर येणाऱ्या मजुरांच्या जिवावर बेतू शकतं.

धोका कुठे आहे?

.३०-०६ काडतुसातला कमाल दाब प्रति चौरस इंच ६०,००० पौंडांपर्यंत जातो. गाडीच्या टायरमध्ये हा आकडा ३० ते ३५ असतो. दारूचा प्रकार चुकला किंवा माप थोडं जास्त झालं, तर रायफल चालवणाऱ्याच्या तोंडाजवळच फुटते. भुसावळजवळच्या वरणगाव आयुध निर्माणीत सैन्यासाठी काडतुसं बनतात. तिथे कारखान्याची यंत्रं आणि तपासणी असते. घरच्या टेबलावर यातलं काही नसतं.

कायदा काय सांगतो?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवण्याची यंत्रंही येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्याला किमान ७ वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसं बनवण्याचा परवाना नव्हे. काडतुसं अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यायची, तीही परवान्यावर लिहिलेल्या संख्येइतकीच.

पीक संरक्षणासाठी याच कायद्याच्या कलम १३ मध्ये वेगळी तरतूद आहे. त्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. ती पुरेशी नाही असं परवाना अधिकाऱ्याला पटलं, तर किमान २० इंच नळीची, आतून गुळगुळीत असलेली दुसरी बंदूक मिळू शकते. या तरतुदीत रायफल येत नाही. रायफलची गोळी तीन किलोमीटरपेक्षाही लांब जाऊ शकते. मळ्यामळ्यांत वस्त्या असलेल्या खान्देशात हा फरक फार मोठा आहे. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे हातानेच भरतात, पण तिथे काळी दारूच चालते. आधुनिक धूरविरहित दारू घातली तर नळी फुटू शकते.

बंदूक असली की डुक्कर मारता येतं?

नाही. बंदुकीचा परवाना आणि शिकारीची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार रानडुक्कर आणि नीलगाय दोन्ही अनुसूची २ मध्ये आहेत. कलम ११ नुसार मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, पिकाला धोका असेल तर कारणं नोंदवून लेखी परवानगी देऊ शकतो. तशी परवानगी घेऊन मारलेला प्राणीही सरकारी मालमत्ता असतो, त्याचं मांस वाटून घेता येत नाही.

केंद्र सरकार कलम ६२ खाली ठरावीक भागापुरतं आणि काळापुरतं एखाद्या प्राण्याला उपद्रवी घोषित करू शकतं. बिहारमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये नीलगाय आणि रानडुकराबाबत तसं झालं होतं. अशी घोषणा किंवा लेखी परवानगी नसताना शिकार केली, तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. यावल किंवा अनेर धरण अभयारण्याच्या हद्दीत शिकार झाली, तर शिक्षा ३ ते ७ वर्षांची आहे.

मग शेतकऱ्याने करायचं काय?

नुकसान दिसताच फोटो काढून वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज द्यावा आणि पंचनामा करून घ्यावा. भरपाई त्यावरच ठरते. त्रास वारंवार होत असेल, तर कलम ११ खालच्या परवानगीसाठी वेगळा अर्ज करावा. जुने पंचनामे तिथे पुरावा म्हणून कामी येतात. कुंपणात थेट वीज सोडणं किंवा गावठी बॉम्ब पेरणं हा गुन्हा तर आहेच, शिवाय त्यात माणसं आणि गुरंही मरतात. सौरकुंपणातून क्षणभराचा झटका बसतो, जीव जात नाही. बांध लागून असलेल्या शेतकऱ्यांनी ते मिळून घातलं, तर खर्चही वाटला जातो.